लाकडी पेलेट ग्रिल कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात अन्न भाजण्यासाठी आणि मंद आचेवर धुरी देऊन शिजवण्यासाठी पेलेट ग्रिल घेऊ पाहणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ग्रिलच्या पोटात वाटीएवढ्या भांड्यात एक लहानशी आग पेटलेली असते. ती आग तो किती नेटकेपणाने सांभाळतो यावर त्याची खरी पारख होते, असे माझे मत आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच मताच्या आधाराने लिहिली आहेत.

पेलेट ग्रिल नेमका चालतो कसा?

ग्रिलच्या बाजूला हॉपर नावाची पेटी असते आणि तिच्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट्स, भरलेल्या असतात. पेटीच्या तळाशी मोटरवर हळूहळू फिरणारा मळसूत्री दांडा असतो, त्याला ऑगर म्हणतात. तो पेलेट्स थोड्या थोड्या पुढे ढकलत फायर पॉटमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या वाटीएवढ्या भांड्यात, पाडतो. फायर पॉटमध्ये शिरलेली इग्नायटरची कांडी विजेवर लालबुंद होते, पहिल्या काही मिनिटांत पेलेट्स पेटवते आणि मग बंद होते. त्यापुढे आग पंख्याच्या वाऱ्यावर धगधगत राहते. फायर पॉटच्या डोक्यावर उष्णता पसरवणारा जाड पत्रा, त्यावर चरबीचा ओघळ बाहेरच्या डब्याकडे नेणारा उतरता ट्रे आणि त्याच्यावर जाळी अशी रचना असल्यामुळे ज्वाळा अन्नाला थेट लागत नाहीत. गरम हवा आणि धूर झाकणाखाली सारखे फिरत राहतात. हे सगळे पाहता पेलेट ग्रिलला धूर देणारी लाकडावरची भट्टी म्हणणे अधिक योग्य ठरेल, आणि त्याच्याकडून अपेक्षाही भट्टीच्याच ठेवाव्यात.

ही कल्पना आली कोठून?

१९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरे गरम करण्यासाठी पेलेट्सवर चालणाऱ्या शेगड्या वापरात येऊ लागल्या. त्याच तत्त्वावर ओरेगन राज्यातील माउंट एंजल येथे जो ट्रेगर यांनी स्वयंपाकाचा ग्रिल तयार केला आणि १९८६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. पेटंटची मुदत २००६ मध्ये संपल्यावर इतर अनेक उत्पादक या धंद्यात उतरले. आज बाजारात जी भरमसाट निवड दिसते, तिचे मूळ त्यात आहे.

कोळशाच्या किंवा ओंडक्यांच्या भट्टीपेक्षा धुराची चव कमी लागते, हे खरे आहे का?

होय, खरे आहे, आणि ग्रिल घेण्यापूर्वीच ते समजून घेतलेले बरे. लाकडातील लिग्निन उष्णतेने फुटताना ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी संयुगे तयार होतात आणि धुरी दिलेल्या अन्नाचा वास व चव प्रामुख्याने त्यांच्यामुळे येते. पेलेट बारीक आणि कोरडी असते, तिला पंख्याने मुबलक हवा मिळते, त्यामुळे ती जवळजवळ पूर्ण जळते आणि धूर पातळ, निळसर व कमी निघतो. तो धूर स्वच्छ असतो आणि अन्नाला कडवटपणा आणत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे; परंतु ओंडक्यांच्या भट्टीतून निघणारा दाट, रेंगाळणारा स्वाद ज्यांच्या जिभेवर बसला आहे, त्यांना पेलेटचे अन्न सौम्य वाटेल.

यावर तीन उपाय हमखास चालतात. पहिला म्हणजे अन्न थंड आणि किंचित ओलसर असतानाच जाळीवर ठेवणे, कारण थंड, ओल्या पृष्ठभागावर धूर अधिक बसतो. दुसरा म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन तास तापमान ८० ते १०७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवणे. आच जितकी मंद, तितका धूर जास्त. तिसरा उपाय म्हणजे स्मोक ट्यूब, अर्थात भोके पाडलेली पोलादी नळी. तिच्यात पेलेट्स भरून एका टोकाला ज्योत लावावी, आठ-दहा मिनिटे जळू द्यावी आणि फुंकर घालून नळी जाळीवर आडवी ठेवावी. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची नळी तीन-चार तास धुमसत राहते आणि तिचा ग्रिलच्या तापमानावर फारसा परिणाम होत नाही. ग्रिलसोबत हीच एक जोडवस्तू घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन.

मांस कापल्यावर कडेला जी गुलाबी रेघ दिसते, तिच्यावरून धुराची चव जोखू नये. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातील मायोग्लोबिनशी बांधले गेल्याने ती रेघ उमटते. तो रंग आहे. त्याला स्वतःची चव नसते.

कंट्रोलर कोणता असावा?

कंट्रोलर म्हणजे ऑगर चालू-बंद करून तापमान सांभाळणारा भाग. सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर खर्च करावा. जुन्या किंवा स्वस्त ग्रिलमधला कंट्रोलर घड्याळावर चालतो: ऑगर ठरावीक सेकंद फिरतो, ठरावीक सेकंद थांबतो आणि पुन्हा फिरतो. बाहेर वारा सुटला किंवा झाकण उघडले गेले, तरी त्याची ही लय फारशी बदलत नाही. त्यामुळे आपण ११० अंश ठरवले असता प्रत्यक्षात तापमान कधी ९५ वर उतरते, तर कधी १२५ वर चढते.

पीआयडी पद्धतीचा कंट्रोलर तीन गोष्टींचा एकत्र हिशेब मांडतो: आत्ताचे तापमान ठरवलेल्या आकड्यापासून किती दूर आहे, हा फरक किती वेळ साचत आला आहे आणि तो किती वेगाने बदलतो आहे. त्या हिशेबावर तो ऑगर आणि बहुतेक ग्रिलमध्ये पंखाही क्षणोक्षणी कमी-जास्त करतो. चांगला पीआयडी कंट्रोलर शांत हवेत ठरवलेल्या तापमानापासून तीन ते पाच अंशांपलीकडे सहसा ढळत नाही. बारा-चौदा तास चालणाऱ्या स्वयंपाकात याचा अर्थ असा की रात्री उठून ग्रिलपाशी जावे लागत नाही.

या स्थिरतेची एक किंमत मात्र मोजावी लागते. आग जितकी नेमकी, तितका धूर कमी. घड्याळी कंट्रोलरची आग विझत-पेटत राहते आणि प्रत्येक वेळी धुराचा लोट सोडते, म्हणून काही जुने हात त्याच ग्रिलला पसंती देतात. अलीकडच्या अनेक पीआयडी ग्रिलमध्ये धूर वाढवण्याचे वेगळे बटण असते, ते दाबल्यावर तापमानात मुद्दाम थोडा चढ-उतार केला जातो. स्थिर आग आणि गरज पडेल तेव्हा जादा धूर, या दोन्ही सोयी असलेला कंट्रोलर घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

आकार किती मोठा असावा?

जाहिरातीत दिलेले क्षेत्रफळ बहुधा खालची जाळी आणि वरचा अरुंद कप्पा मिळून असते. वरच्या कप्प्यात उंच वस्तू मावत नाही, म्हणून फक्त मुख्य जाळीचे माप विचारावे. एक आख्खी कोंबडी सुमारे २५ बाय २० सेंटिमीटर, म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटर जागा अडवते आणि भोवती हवा खेळण्यासाठी आणखी दोन-तीन बोटे मोकळी सोडावी लागतात. चार-पाच माणसांच्या घराला २८०० ते ३२०० चौरस सेंटिमीटरची मुख्य जाळी पुरते. वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या पाहुणचारासाठी अवाढव्य ग्रिल घेतला, तर उरलेले सगळे दिवस रिकामी पोकळी तापवण्यात पेलेट्स खर्च होतात.

जाळी आणि झाकण यांच्यामधली उंचीही मोजून पाहावी, कारण क्षेत्रफळाच्या आकड्यात ती कोठेच दिसत नाही.

दुकानात उभे असताना काय तपासावे?

झाकण उघडून ते मध्येच सोडावे आणि कसे बंद होते ते पाहावे. कडेला फट राहत असेल, तर धूर आणि उष्णता तेथूनच निघून जाणार. पत्रा गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड: १४ गेज म्हणजे जवळपास १.९ मिलिमीटर, तर १६ गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. जाड पत्रा उशिरा तापतो खरा, पण झाकण उघडल्यावर गमावलेली उष्णता लवकर भरून काढतो. दुहेरी पत्र्याचे अंग असेल तर उत्तमच.

त्यानंतर जाळी, ट्रे आणि पत्रा उचलून फायर पॉट डोळ्यांनी पाहावा. हा भाग सगळ्यात जास्त तापतो आणि सगळ्यात आधी गंजून झिजतो, म्हणून तो स्टेनलेस स्टीलचा आणि दोन-तीन स्क्रू काढून बदलता येण्याजोगा असावा. इग्नायटरचेही तसेच, सततच्या तापण्या-निवण्याने तो केव्हातरी जळणारच, तेव्हा तो काढण्यासाठी अर्धा ग्रिल खोलावा लागणार नाही याची खात्री करून घ्यावी. हॉपरच्या खाली पेलेट्स रिकाम्या करण्याचे झडप असावे, कारण लाकडाचा प्रकार बदलताना आणि ग्रिल बरेच दिवस बंद ठेवताना त्याची गरज पडते. चाके किती मोठी आहेत हे पाहण्यासाठी विक्रेत्याला ग्रिल दोन पावले ढकलून दाखवायला सांगावे.

पेलेट ग्रिलवर मोठ्या आचेचे, खरपूस भाजणे जमते का?

बहुतेक ग्रिल २३० ते २६० अंशांपर्यंत जातात. मांसाचा पृष्ठभाग तांबूस आणि खरपूस होण्याची क्रिया १४० अंशांच्या पुढे वेग घेते, त्यामुळे भाजणे होते, पण ज्वाळेवर धरल्यासारखा करपट, कुरकुरीत थर येत नाही. काही ग्रिलमध्ये फायर पॉटवरचा पत्रा सरकवून मधल्या भागात अन्न थेट ज्वाळेवर धरता येते. ज्यांच्या घरी पातळ काप झटपट भाजणे हाच रोजचा बेत असेल, त्यांनी अशी सोय असलेलाच ग्रिल घ्यावा. तसा मिळत नसेल तर जाळीवर बिडाचा तवा पाऊण तास तापवून त्यावर काम भागते. ज्यांना धुराची हौसच नाही, त्यांना मी गॅसचा ग्रिल घ्या असेच सांगेन.

पेलेट्स कोणत्या घ्याव्यात?

स्वयंपाकाच्या पेलेट्स कठीण लाकडाच्या भुशापासून होतात. भुसा मोठ्या दाबाखाली चाळणीतून ढकलला की दाब आणि घर्षणाने त्यातील लिग्निन मऊ होते व थंड होताना तेच भुशाला बांधून ठेवते, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही. कांडीचा व्यास साधारण ६ मिलिमीटर असतो.

पिशवीवरचे नाव नीट वाचावे. ‘हिकरी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पिशवीत पुष्कळदा ओक किंवा आल्डरचा भुसा मूळ म्हणून असतो आणि हिकरीचे प्रमाण थोडे असते. हे मिश्रण वाईट असते असे मुळीच नाही. ओक स्थिर जळतो आणि उष्णता चांगली देतो. परंतु एकाच लाकडाचे पैसे मोजत असाल, तर पिशवीवर १०० टक्के असे स्पष्ट लिहिलेले असावे. चवीच्या तेलांचा वापर केलेल्या पेलेट्सपेक्षा नुसत्या लाकडाच्या पेलेट्स मला केव्हाही अधिक पसंत आहेत.

स्वादाच्या बाबतीत सफरचंद आणि चेरीचे लाकूड सौम्य असून कोंबडीला व भाज्यांना शोभते, आल्डर माशाला मानवते, ओक मध्यम आणि कशालाही चालण्यासारखा आहे, हिकरी ठसठशीत आहे, तर मेस्किट इतके तीव्र की सुरुवातीला ते दुसऱ्या लाकडात मिसळूनच वापरावे. तरीही पेलेट्सच्या बाबतीत लाकडांमधला हा फरक ओंडक्यांइतका ठळक जाणवत नाही. पेलेट कोरडी आणि टणक असणे त्याहून महत्त्वाचे आहे. एक कांडी बोटांत धरून मोडावी: चांगली पेलेट टचकन आवाज करून तुटते, तिच्या अंगाला किंचित चकाकी असते आणि पिशवीच्या तळाशी भुकटी फार साचलेली नसते. वाकून मग तुटणारी किंवा चुरा होणारी पेलेट तशीच परत करावी.

घर गरम करण्याच्या शेगडीसाठी मिळणाऱ्या स्वस्त पेलेट्स चालतील का?

मुळीच चालणार नाहीत. त्यांत राळ असलेले मऊ लाकूड, साली आणि कधी कधी अन्नाजवळ येऊ नयेत असे घटकही असू शकतात, आणि त्यांचा धूर थेट ताटात जाणाऱ्या पदार्थावर बसतो.

एका वेळेला किती पेलेट्स लागतात आणि हॉपर किती मोठा हवा?

११० अंशांच्या आसपास मध्यम आकाराचा ग्रिल तासाला साधारण पाव ते अर्धा किलो पेलेट्स खातो; पूर्ण आचेवर हेच प्रमाण तासाला एक किलो किंवा त्याहून थोडे अधिक होते. म्हणजे बारा तासांच्या धुरी देण्याला पाच-सहा किलो धरावेत. रात्रभर ग्रिल चालवण्याचा विचार असेल, तर हॉपर किमान आठ किलोंचा असावा. काही हॉपरमध्ये मधोमध खड्डा पडून पेलेट्स कडेलाच अडून राहतात आणि वरून पेटी भरलेली दिसत असूनही ऑगर रिकामा फिरतो. उतरते, गुळगुळीत अंग असलेल्या हॉपरमध्ये असे क्वचितच घडते, म्हणून आत हात घालून उतार पाहावा.

पेलेट्स ओल्या झाल्या तर काय होते?

हे मी स्वतः अनुभवले आहे. एकदा पावसाची सर येऊन गेली, हॉपरचे झाकण पुरते बसलेले नव्हते, आणि आठवड्याने ग्रिल सुरू केला तेव्हा ऑगर फिरण्याऐवजी नुसता घुं-घुं आवाज करत राहिला. हॉपर उघडल्यावर वरच्या पेलेट्स कोरड्या दिसत होत्या. त्या काढल्यावर खाली ओला भुसा फुगून लगद्यासारखा झाला होता आणि ऑगरच्या नळीत शिरलेला भाग सुकून सिमेंटसारखा घट्ट बसला होता. मोटर सोडवून, दांड्याची पिन काढून, लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत तो दांडा बाहेर काढायला आणि नळी स्क्रूड्रायव्हरने खरवडायला दुपार गेली.

तेव्हापासून स्वयंपाक आटोपला आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा ग्रिल लावायचा नसेल, तर मी हॉपर रिकामा करतो. पेलेट्स घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवतो. पेलेटमध्ये ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो आणि ती भोवतालच्या हवेतूनही पाणी ओढून घेते, त्यामुळे दमट हवेत उघडी पिशवी पावसाशिवायही बिघडते.

वीज किती लागते?

इग्नायटर चालू असताना पहिली काही मिनिटे साधारण २०० ते ३०० वॅट लागतात. पुढे ऑगर, पंखा आणि कंट्रोलर मिळून ५० वॅटच्या आसपास पुरतात. वीज गेली की आग आपोआप विझत जाते, म्हणून जेथे वीज वारंवार जाते तेथे लहान इन्व्हर्टरचा आधार असावा. ग्रिल दुसऱ्या देशातून मागवलेला असेल, तर त्याचा व्होल्टेज आपल्या घरच्या विजेशी जुळतो का, हे पैसे भरण्याआधी पाहावे. १२० व्होल्टचा ग्रिल २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर तो जळेल. जोडणी अर्थिंग असलेल्या आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरवरच करावी. हा ब्रेकर ग्रिल सुरू करताच पडू लागला, तर इग्नायटरमध्ये ओल शिरली आहे किंवा तो फुटला आहे असा संशय आधी घ्यावा.

वाय-फाय आणि अ‍ॅप असावेच का?

असले तर सोय होते, नसले तर स्वयंपाकात काही उणे राहत नाही. त्याहून मांसात खुपसून तापमान मोजणारे दोन विश्वासार्ह प्रोब अधिक उपयोगाचे. वाय-फाय असलेले बरेच ग्रिल फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर चालतात, आणि परसापर्यंत ते जाळे पोहोचते का हे फोन हातात घेऊन तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

ग्रिल कोठे ठेवावा?

उघड्यावरच ठेवावा. लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीव घेतो. म्हणून गॅरेज, बंद व्हरांडा किंवा दार उघडे ठेवलेली खोली यांपैकी कोणतीही जागा योग्य नाही. भिंत, लाकडी कुंपण आणि वेली यांपासून किती अंतर ठेवायचे ते ग्रिलसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते काटेकोरपणे पाळावे. जमीन सपाट असावी, कारण ट्रेचा उतार बिघडला की चरबी डब्याकडे न जाता मध्येच साचते.

साचलेल्या चरबीने पेट घेतला, तर झाकण बंद ठेवावे, वीज तोडता येत असेल तर तोडावी आणि आग आपोआप शमू द्यावी. पाणी कधीही ओतू नये. पेटलेली चरबी पाण्याने उसळून बाहेर फेकली जाते.

स्वयंपाक चालू असताना आग विझली तर लगेच पुन्हा पेटवावी का?

नाही, आणि हे उत्तर प्रत्येकाने ग्रिल पेटवण्यापूर्वी वाचावे. आग विझल्यावरही काही वेळ ऑगर पेलेट्स टाकतच राहतो आणि फायर पॉट काठोकाठ भरतो. अशा ढिगावर इग्नायटर चालू केला, की आधी दाट पांढरा-पिवळसर धूर साठतो आणि मग तो धूरच एकदम पेट घेतो. झाकण उडण्याइतका त्याचा जोर असतो. ग्रिल बंद करावा, थंड होऊ द्यावा, अन्न, जाळी, ट्रे आणि पत्रा काढून फायर पॉट पूर्ण रिकामा करावा, आणि मगच झाकण उघडे ठेवून नव्याने सुरुवात करावी.

ग्रिल बंद करतानाही सॉकेटचे बटण थेट दाबू नये. बंद करण्याच्या ठरलेल्या क्रमात पंखा काही मिनिटे चालू राहतो आणि उरलेल्या पेलेट्स जाळून टाकतो. तो क्रम तोडल्यास निखारा ऑगरच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकण्याचा धोका असतो.

साफसफाई किती वेळा करावी लागते?

दर दोन-तीन स्वयंपाकांनंतर फायर पॉटमधली राख काढावी आणि ट्रे खरवडावा. लांब स्वयंपाकाच्या आधी तर हे करावेच, कारण राखेने हवेची भोके बुजली की आग दुबळी होते आणि वर सांगितलेला प्रसंग ओढवतो. आतला तापमानाचा प्रोबही ओल्या फडक्याने पुसावा. त्यावर काजळीचा थर बसला की कंट्रोलर चुकीचे तापमान वाचतो आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय व्हॅक्यूम क्लीनर लावू नये आणि ती झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकावी, कारण राखेखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो.

थंडीत आणि वाऱ्यात ग्रिल चालतो का?

चालतो, फक्त पेलेट्स जास्त लागतात आणि तापायला वेळ जातो. वाऱ्याचा त्रास थंडीहून अधिक होतो. धुराडे वाऱ्याच्या दिशेला आले तर आग फडफडते. काही उत्पादक ग्रिलवर घालण्यासाठी उष्णतारोधक आवरण देतात, ते थंड प्रदेशात निश्चित उपयोगी पडते.

मांस तासन् तास एकाच तापमानावर अडकून राहते, हा ग्रिलचा दोष आहे का?

नाही. मोठा तुकडा आतून ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आला की पृष्ठभागावरून पाणी वाफ होऊन उडू लागते आणि ती वाफ आलेली उष्णता घेऊन जाते, जसा घाम अंग थंड करतो. काही तासांनी पाणी कमी झाले की तापमान पुन्हा चढते. घाई असेल तर तुकडा कागदात किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावा. कडक, तंतुमय तुकडे ९० ते ९५ अंशांवर मऊ होतात, कारण तोवर त्यांतील कोलॅजनचे जिलेटिन झालेले असते. सुरक्षिततेसाठी कोंबडीचा आतला भाग ७४ अंशांवर आणि खिमा ७१ अंशांवर गेलाच पाहिजे, आणि ते प्रोब खुपसूनच पाहावे.

नवा ग्रिल आणल्यावर थेट स्वयंपाक करावा का?

आधी तो रिकामाच मोठ्या आचेवर पाऊण तास तापवावा, म्हणजे कारखान्यातले तेल आणि धूळ जळून जाते. ऑगरची नळी पहिल्या वेळी रिकामी असल्याने पेलेट्स फायर पॉटपर्यंत पोहोचायला काही मिनिटे जातात. त्यात बिघाड समजू नये.

वापरलेला ग्रिल घेणे योग्य ठरेल का?

पत्रा शाबूत असेल आणि इग्नायटर, प्रोब, ऑगरची मोटर हे सुटे भाग आजही मिळत असतील, तर जरूर घ्यावा. वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदारालाच असते, त्यामुळे भागांची उपलब्धता स्वतः विचारून घ्यावी. फायर पॉटच्या तळाला भोक पडले आहे का, हॉपरच्या तळाशी फुगलेल्या भुशाचा थर चिकटला आहे का आणि झाकणाच्या आतून पापुद्रे गळतात का, हे पाहावे. गळणारे पापुद्रे बहुधा साचलेली काजळी असते आणि ती खरवडून निघते. त्यानंतर मालकाला ग्रिल समोर पेटवायला सांगावे, ११० अंशांवर लावावा, आणि स्वतःचा थर्मामीटर जाळीच्या मधोमध ठेवून तासभर तेथेच थांबावे.